विल्माची कासवं अडकली

समुद्री कासवांची अभ्यासक विल्मा क्रोगर सकाळपासून संगणकासमोरच्या खुर्चीला खिळली होती. टाउन्सव्हिलच्या विद्यापीठातले संगणक सांभाळणारा अ‍ॅडमिन फर्गस टिंडेल तिच्या मागे उभा राहून एकच घोकत होता, "लॉग-आउट करू नकोस. काहीही झालं तरी नको."

"बाथरूमला जायचंय रे."

"जा की. मी इथं राखण करतो."

"तू? घोळ कुणी घातलाय?"

घोळ त्यानेच घातला होता. हार्ड लिंक म्हणजे फोल्डरला दिलेलं दुसरं, तितकंच खरं नाव. त्यांच्या युनिक्स प्रणालीत असं नाव द्यायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनना. तो कुणालाच नको म्हणून त्याची वरिष्ठ आयोनी मॅडर्न वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. फर्गसने भांडून तो टिकवला. मग काल, सोय म्हणून, विल्माच्या कासवांच्या फोल्डरचं दुसरं नाव त्याने त्याच फोल्डरच्या पोटात ठेवलं आणि बाहेरचं नाव उडवलं. आत जायची वाट आता आतूनच होती. विल्माच्या संगणकावर तेवढं ते फोल्डर कालपासून उघडं राहिलं होतं. ते बंद झालं की तिच्या सगळ्या हंगामांच्या नोंदी असून नसल्यासारख्या. डिस्क तुडुंब भरलेली, टेपयंत्र दुरुस्तीला ब्रिस्बेनला, त्यामुळे नक्कल काढायलाही जागा नव्हती. फर्गसला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात आयोनी आली. सकाळीच तिने अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला होता. हार्ड लिंकचा अधिकारच नसलेली नवी प्रणाली ती दुपारी चढवणार होती, आणि त्यासाठी यंत्र बंद करावं लागणार होतं.

"पासवर्ड दे, एकदाच," फर्गस काकुळतीला आला. "हार्ड लिंकनेच बाहेर पुन्हा नाव देता येईल. दुसरा मार्ग नाही."

"ज्या दोरीनं हिचा गळा आवळलास, तीच परत मागतोस? कमाल आहे बाबा तुझी."

पण तिलाही दुसरं काही सुचेना. फर्गसला बाजूला सारून तिने विल्माच्याच कीबोर्डवर पासवर्ड टाकला, आज्ञा लिहिली, दोनदा वाचली आणि बटण दाबलं. कासवांचं फोल्डर बाहेरच्या यादीत दिसलं. विल्मा तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

"बस्स," आयोनी म्हणाली. "आता हा अधिकार कायमचा बंद."

"आत्ता त्यानेच वाचवलं ना?" फर्गस पुटपुटला. "हवं तर विल्माला विचार."

विल्माने डोळे पुसले.

"अधिकार राहू दे, आयोनी," ती म्हणाली. "याला काढ."