हिरडी तपासणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण भिंतीवरचा नव्हे. पावलीएवढी काच आणि तिला लांब दांडी. अकोल्याच्या जठारपेठेत दातांचे डॉक्टर कुर्बान अली मला लोकांच्या तोंडात फिरवत. ओठांवर सगळेच गोड असतात. मी दाढेमागे जाऊन पाहत असे. म्हणून माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात पातूरहून केशरबाई आपल्या मुलीला, पंचफुलाला, घेऊन आल्या. पोर पदर तोंडावरून काढीना.

"डॉक्टरसाहेब, हासली का वरची हिरडी सारी उघडी पडते. महिन्यानं पाव्हणे पाहाले येऊन राहिले. कापून टाका एकडाव!"

"थांबा बाई, हिरडी हाय, नख नोय," डॉक्टर म्हणाले. "कोणाचा ओठ आखूड, कोणाचा हासताना लय वर जाते. कोणाचे दात हिरडीत झाकले राह्यतात, तिथं थोडी कापता येते. जबडाच लांब असला, तर मुंबईचा मोठा दवाखाना. पयले पाहू तर द्या."

मी आत गेलो. हिरडी फुगलेली, कडेला काळी रेघ. मला संशय आलाच.

"मिशेरी घासते काय?" डॉक्टरांनी विचारले.

"नाई जी!" केशरबाई फार लवकर म्हणाल्या.

डॉक्टरांनी हिरडीवरून कापूस फिरवला. काळा निघाला.

पंचफुला हळूच बोलली, "मायनंच देली. हिरडी काळी झाली का दिसनार नाई म्हने."

"मंग काय करू? लोक नावं ठेवतात पोरीले!" केशरबाई उसळून म्हणाल्या.

"त्या तंबाखूनंच सुजली, म्हून जास्त दिसते," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दातांवरचा थर काढला, मिशेरी बंद केली, मिठाच्या पाण्याच्या चुळा सांगितल्या.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा पाहिले. सूज गेली होती. तरी बोटाच्या पेराहून कमी अशी गुलाबी पट्टी हसताना दिसेच.

"हे ओठाची उचल हाय, जन्माची," डॉक्टर म्हणाले. "हिरडी कापून ते जात नाई."

"पाव्हन्याईले काय सांगू मंग?" केशरबाईंना अजून खात्री नव्हती.

"सांग, पोरगी हासते म्हनून!" असे म्हणून पंचफुला खदखदून हसली. मी अजून तिच्या तोंडातच होतो. तिच्या श्वासाने माझी काच धुरकट झाली. मला काही दिसेना, आणि प्रथमच तपासावेसेही वाटेना.

आता माझ्यावर डाग पडलेत. खणात पडून असतो. मित्रांनो, हिरडी सुजली तर झाकू नका, दाखवा. आणि हसणाऱ्याला कुणी नावे ठेवली, तर संशय त्या नावे ठेवणाऱ्याचा घ्या.