माझ्यामागून म्हणा

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी फोनवरचे सगळे धडे आपल्या घरी एकटीनं बसून रेकॉर्ड केले होते. त्या आधी म्हणायच्या, "माझ्यामागून म्हणा." मग एक वाक्य, आणि त्यानंतर आपल्याला ते म्हणता यावं एवढी रिकामी जागा. त्या जागेत फार तर त्यांच्या पंख्याची घरघर ऐकू यायची.

आम्ही शर्ट शिवणाऱ्या एकेचाळीसजणी. जेवणाच्या सुट्टीत डब्यांच्या मधोमध फोन ठेवून धडा ऐकायचो. खरी हौस होती बटणं लावणारीला. यंत्रावर बसूनही ती पुटपुटायची, म्हणून तिचं नाव पडलं मडम.

"मडम, जरा इंग्रजीतून मीठ द्या," काजं करणारी मावशी म्हणायची.

"हसा मावशी, हसा. तपासणीचे साहेब आले की आपलं सुखदुःख मुकादम सांगतो. आपली तोंडं काय नुसती जेवायला दिलीत?"

साहेबांना आमची भाषा येत नसे, आम्हाला त्यांची.

हॉलच्या मागे कापडाची खोली. तिच्यातूनच मागच्या जिन्याचं दार, आणि त्या दाराला सदा कुलूप. बायका मधेच सटकतात म्हणून किल्ली मुकादमाच्या खिशात. एका दुपारी तारा जळून धूर झाला. आम्ही पुढच्या जिन्याने धावलो. मडमचं यंत्र सगळ्यांत मागचं, ती खोलीत शिरली. सापडली तेव्हा तिचा हात कुलपावर होता. तपासणीचे साहेब आले तेव्हा मुकादम त्यांच्याशी बराच वेळ इंग्रजीत बोलला. तिचं काळीज आधीपासूनच कमजोर होतं, असं त्यानं सांगितल्याचं आम्हाला मागाहून कळलं. पुढे त्यानं खोली बंद केली आणि तिच्या हॉलकडच्या दारापुढे कापडाचे तागे रचले. मागच्या दाराचं कुलूप तसंच राहिलं.

मी तिच्या नावाने नेम धरला. सकाळी दिवा लावायचा, हात जोडायचे आणि धड्यातली दहा वाक्यं म्हणायची. त्याआधी पाणीही घ्यायचं नाही.

अकराव्या दिवशी रिकाम्या जागेत मी तोंड उघडायच्या आधीच कुणीतरी वाक्य म्हटलं. हलक्या आवाजात, शेवटचा शब्द जरा ओढून. मडम असाच ओढायची.

जेवणाच्या सुट्टीत मी फोन मावशीच्या कानाला लावला. तिचा घास हातातच राहिला.

"अगं, हे आधी नव्हतं."

"नव्हतंच."

"बंद कर बाई. मेलेल्या माणसाला असं बोलावू नये."

"मी कुठे बोलावलं, मावशी? नेम आहे, मोडू कसा?"

पुढे त्या जागेत धड्यात नसलेलं वाक्य येऊ लागलं. द बॅक डोअर इज लॉक्ड. मागच्या दाराला कुलूप आहे. रोज तेच. अंगावर काटा यायचा, पण मी तिच्यामागून म्हणत राहिले. मग मावशीही म्हणू लागली. हळूहळू आम्ही चाळीसजणी, सुट्टीत, खाली मान घालून.

तपासणीच्या सकाळी मुकादमाने बजावलं, "साहेबांनी काही विचारलं तर नुसतं हसायचं. बोलायचं काम माझं. जिला जास्त बोलायचंय तिने उद्यापासून घरी बसून बोलावं."

घरात मी एकटी कमावती.

साहेब नेमके माझ्या यंत्रापाशी थांबले. काहीतरी विचारलं. उत्तर मुकादमाने दिलं, हसत हसत. मी उठून उभी राहिले.

"द बॅक डोअर इज लॉक्ड."

आणि थांबले. आम्हाला शिकवलंच तसं होतं, वाक्य म्हणायचं आणि जागा सोडायची. मुकादमाला वाटलं, माझं इंग्रजी संपलं. तो बोलायला तोंड उघडणार, इतक्यात माझ्या पाठीमागे सगळी यंत्रं थांबली आणि एकोणचाळीसजणींनी ते वाक्य म्हटलं. मावशीचा आवाज सगळ्यांत मोठा.

"अ वुमन डाइड देअर," मी म्हटलं. तिथे एक बाई मेली.

पुन्हा जागा सोडली. पुन्हा सगळ्याजणी बोलल्या आणि गप्प झाल्या. मग सगळ्यांच्या मागाहून, शेवटचा शब्द ओढत, एकच आवाज आला. ताग्यांच्या पलीकडून, बंद खोलीतून.

मुकादमाचा हात आपोआप किल्लीच्या खिशावर गेला. साहेबांनी ताग्यांकडे पाहिलं, मग त्या खिशाकडे.

"ओपन इट."

हे समजायला धडा लागला नाही. तागे हटवून खोली उघडली, आत कुणी नव्हतं. पलीकडच्या दारावर कुलूप होतं, आणि त्याच्यावरची धूळ एका हाताएवढी पुसलेली.

मुकादमाला कामावरून काढलं. ते दार आता उघडं असतं, वारा येतो.

दुसऱ्या दिवशी मी दिवा लावला, धडा सुरू केला. बाई म्हणाल्या, "माझ्यामागून म्हणा." त्यांचं वाक्य झालं. मी वाट पाहिली. रिकाम्या जागेत नुसती पंख्याची घरघर.

त्या दिवशी मला पहिल्यांदा एकटीने म्हणायची भीती वाटली. तरी म्हटलं. शेवटचा शब्द जरा ओढून.