आधी तीन वजा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. शिंपीकामाची, पिवळ्या रंगाची, सापासारखी गुंडाळून ठेवता येणारी. माझ्या अंगावर एकापासून साठपर्यंत इंच छापले आहेत. आता एकापासून म्हणणं तितकंसं खरं नाही, पण ती गोष्ट पुढे येईलच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका लांबच लांब पट्ट्यातून आम्हां बहिणींना कापून वेगळं केलं, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या बसवल्या आणि डझनाच्या खोक्यात भरलं. दुकानातून मला आईनं उचललं. तेव्हा ती कुणाची आई नव्हती, नुकतीच शिवण शिकलेली एक मुलगी होती. तिनं मला गळ्यात टाकलं, आणि तिथेच माझी नोकरी पक्की झाली.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यात माझा दोष नाही, धंद्याचा आहे. तुम्ही कुणाच्या कमरेभोवती कधी फिरला आहात का? मी रोज फिरत असे. टेप अंगाला लागली रे लागली की भला माणूसही पोट आत ओढून घेतो. मग आई हळूच म्हणायची, "श्वास सोडा." आणि माझ्या अंगावर दोन इंच सर्रकन सरकायचे. अशी हजार पोटं पाहिल्यावर कुणाच्या शब्दावर विश्वास कसा बसेल? मोजल्याशिवाय काही खरं नाही, हे माझं ब्रीदवाक्य झालं.

आईचं माझ्यावाचून पान हलत नसे. ती गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची, "माझी टेप एक धागाभर चुकत नाही." हे ऐकून मी फुगायचे, म्हणजे टेपला जितकं फुगता येतं तितकं.

मग घरात भिंगरी आली. खरं नाव वेगळं, पण एका जागी ठरत नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणतात. एका दुपारी आई पडद्याला अस्तर लावत होती आणि भिंगरीच्या हातात कात्री होती. तिच्या बाहुलीला पट्टा हवा होता. कच्च! माझं पहिलं टोक टोपीसकट गेलं. एक, दोन, तीन, असे तीन इंच.

आई रागावली, मग हसली. मला फेकून देणं तिच्या जिवावर आलं. कापलेली कड उसवू नये म्हणून तिनं तिथे बारीक टीप घातली आणि त्या दिवसापासून माप घेताना ती मनातल्या मनात तीन वजा करू लागली. एकतीस दिसले की अठ्ठावीस लिहायचे. महिन्याभरात तिला त्याची इतकी सवय झाली की ती वजाबाकी करते आहे हे तिच्या लक्षातही राहिलं नाही. आणि माझ्याही. माझ्या शेवटच्या टोकावर ठसठशीत साठ लिहिलेले होते. मी स्वतःला पुरी साठ इंचांचीच समजत होते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाबांची बदली दुसऱ्या शहरात झाली.

मित्रांनो, घर बदलायचं म्हणजे काय असतं ते ज्यांनी खोकी भरली आहेत त्यांनाच ठाऊक. आईची गिऱ्हाइकं सगळी इथली. नव्या शहरात तिला कोण ओळखणार? तिच्याकडे एकच गोष्ट होती, तिचं कापणीचं टेबल. सहा फुटी, सुताराकडून खास करून घेतलेलं, कड अन् कड घासून गुळगुळीत झालेली. आईच्या पाठीचं दुखणं जुनं, जमिनीवर वाकून कापड कापणं तिला जमत नाही. टेबल नाही तर काम नाही, इतका सरळ हिशेब होता.

ती बाबांना म्हणाली, "घर तुम्ही बघा. स्वयंपाकघर केवढं का असेना, मी भागवून घेईन. पण माझं टेबल उजेडात मावलं पाहिजे. नाही मावलं तर मी शिवण सोडते आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

"अगं, सोडते काय? मी मोजूनच घेतो."

"कशानं मोजाल? तुमचा डोळा मला माहीत आहे. मागे सतरंजी आणलीत ती भिंतीवर चढली होती."

गणवेशांचा ढीग हातावेगळा करायचा होता, म्हणून आईला जाता येईना. तिनं मला गळ्यातून काढलं आणि बाबांच्या खिशात ठेवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्यापासून दूर चालले होते.

नव्या शहरात बाबांना एक एजंट भेटला. तो इतकं गोड बोलायचा की बाबांनी मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. मी तर त्याला पाहताक्षणीच मापलं. गळा पंधरा, हसू अठरा. ज्याचं हसू गळ्यापेक्षा मोठं, त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

पहिलं घर बाबांच्या कचेरीपासून चालत सात मिनिटांवर होतं. लिफ्ट होती, फरशी चकचकीत होती, शाळा समोरच. गोडबोल्या म्हणाला, "साहेब, या घरात राहणारा माणूस आजारी म्हणून पडत नाही." बाबांनी मला जमिनीवर अंथरलं तेव्हा मला भिंतीच्या पायथ्याशी ओल लागली. वर मात्र ताजा रंग. कालचा रंग आजची ओल झाकतोय, हे मी ओळखलं, पण मला तोंड कुठे? सुदैवानं मापातच घर बाद झालं. खिडकीजवळची भिंत साठ आणि वर दहा, म्हणजे सत्तर. टेबल बहात्तर.

दुसरं घर दोन बस बदलून जावं लागेल असं, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. जिना अरुंद, स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर एकानं श्वास घ्यायचा आणि दुसऱ्यानं सोडायचा. पण खोलीत रुंद खिडकी होती आणि तिच्याखाली दोन भिंतींच्या मधे एक खोलगट जागा, जणू टेबलासाठीच सोडलेली. उजेड असा की सुईत दोरा ओवायला चष्मा नको.

बाबांनी मला एका भिंतीला टेकवलं. एकदा पूर्ण पसरलं, साठ. तिथे बोट ठेवून पुन्हा पसरलं, पंधरा.

"पंच्याहत्तर!" बाबा ओरडले. "बसतंय!"

"आरामात बसेल साहेब," गोडबोल्या म्हणाला. "वर फुलदाणीला जागा उरेल."

खालीच, दुकानाच्या मागे राहणाऱ्या घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या. उंच, कोरड्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "काय ठेवायचंय तिथे?"

"बायकोचं कापणीचं टेबल. सहा फुटी."

"नाही बसणार. माझा दिवाण सहा फुटी होता, तो बसला नव्हता. पुन्हा मोजा."

"मोजलंय ना मी, बाई. पंच्याहत्तर आहे."

"बघा बुवा," म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

बाबा गोडबोल्याला हळूच म्हणाले, "यांना शिवणयंत्राची खडखड नको असेल. सरळ नाही म्हणायचं सोडून भलतंच काढलं." मला ते शंभर टक्के पटलं. गोड बोलणाऱ्यावर माझा संशय होताच, आता न बोलणाऱ्या बाईवरही बसला. दिवाणाची गोष्ट तर मला सपशेल बनावट वाटली. संशय नव्हता तो फक्त एकीवर, माझ्यावर.

बाबांनी तिथूनच आईला फोन लावला. "बसतंय गं! तीन इंच राखून!"

"नीट मोजलंत ना?"

"तुझ्याच टेपनं."

"मग काही प्रश्नच नाही," आई म्हणाली. तिच्या आवाजातला भार उतरल्याचं मला खिशातसुद्धा कळलं. घर ठरलं.

महिन्याभरानं ट्रक येऊन उभा राहिला. दोन हमालांनी टेबल त्या अरुंद जिन्यावरून वर चढवलं. एकदा आडवं, एकदा उभं, एकदा देवाचं नाव घेऊन. आई पुढे, भिंगरी बाहुली घेऊन मागे. टेबल खिडकीखाली नेलं. एक टोक आत गेलं. दुसरं गेलं नाही.

"सरकवा अजून."

"अजून सरकलं तर भिंत सरकंल, ताई," हमाल म्हणाला.

आई टेबलाच्या कडेवरून नुसता हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मोजलंच नव्हतं."

"मोजलं होतं! पंच्याहत्तर! माझ्या डोळ्यांदेखत पंच्याहत्तर होतं!" बाबांचा चेहरा लाल झाला. "त्या गोडबोल्यानंच काहीतरी गोलमाल केलाय. नाहीतर सुतारानं तेव्हा टेबल मोठं करून दिलं असेल."

"सहा वर्षांपूर्वी? तुम्ही इथे घर घेणार हे ओळखून?"

गडबड ऐकून घरमालकीणबाई वर आल्या. बाबांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मलाच ओशाळं व्हायला हवं होतं. पण खरं सांगते, तेव्हा माझीही नजर तशीच होती. बाबा म्हणाले, "मधल्या काळात या भिंतींना काही केलंत का तुम्ही? नवं प्लास्टर वगैरे? थोडी पुढे आली आहे ही."

"भिंत?" बाई म्हणाल्या. "मी पाण्याची बादली हलवत नाही या वयात, भिंत कुठली हलवते?"

आई हसली नाही. ती खोक्यावर बसली होती. "राहू दे," ती म्हणाली. "टेबल विकून टाका. मी म्हटलंच होतं, नाही मावलं तर विषय संपला."

बाबांनी चिडून मला आईच्या गळ्यातून ओढलं. "हे बघ, तुझ्यासमोर मोजतो. एक... साठ. आणि हे... पंधरा. झाले की नाही पंच्याहत्तर?"

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग उठली. अगदी सावकाश म्हणाली, "अहो, तीन वजा केलेत ना?"

"कसले तीन?"

"कसले म्हणजे? टेपचे. दर वेळी तीन वजा करायचे. दोनदा पसरलीत म्हणजे दोनदा तीन."

"मला कोण सांगणार?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्या घराला माहीत आहे!"

"सगळं घर म्हणजे तू एकटी!"

तेवढ्यात भिंगरीनं बाहुली वर धरली. तिच्या कमरेला पिवळा पट्टा होता, त्यावर एक, दोन, तीन. "ते तीन हिच्याकडे आहेत," ती म्हणाली. "हिनं दिले नाहीत तर?"

हमाल आधी हसले, मग बाबा, मग आई, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच काही हसण्याचं नव्हतं. मी मात्र हसू शकले नाही. जिच्या माथी मी खोटेपणा मारला होता ती बाई खरं बोलली होती. गोडबोल्यानंसुद्धा माझाच आकडा पुढे रेटला होता. त्या अख्ख्या शहरात खोटं बोलणारी एकच होती, आणि ती बाबांच्या हातात लोंबत होती.

बाबा खाली मान घालून म्हणाले, "बाई, चुकलं माझं. तुम्ही सांगितलं होतं."

"माणसं मोजपट्टीवर विश्वास ठेवतात, शेजारणीवर नाही," बाई म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. "करवत आहे का तुमच्याकडे? माझ्या ह्यांची आहे. धार अजून शाबूत आहे."

आईचा हात टेबलाच्या कडेवर थांबला. ज्या टेबलानं तिला उभं केलं त्याच्यावर करवत चालवायची! मग तिनं मला उचललं, खोलगट जागेत पसरलं आणि या वेळी मोठ्यानं मोजलं, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "साठ, वजा तीन, सत्तावन्न. पंधरा, वजा तीन, बारा. एकोणसत्तर." खडूनं तिनं टेबलावर रेघ मारली, सरकायला अर्धा इंच जादा धरून. बाबांनी करवत धरली, बाईंनी टेबलाचं टोक धरलं, आणि लाकडाचा भुसा खाली पडू लागला. कड गेली, टेबल राहिलं. खिडकीखाली ते असं बसलं, जणू तिथेच जन्मलं होतं.

कापलेली पट्टी आईनं फेकली नाही. तिनं तिच्यावर रंगानं लिहिलं, 'शिवणकाम, वरचा मजला', आणि बाईंनी ती स्वतःच्या हातानं जिन्यापाशी ठोकली. पहिलं गिऱ्हाईकही त्याच. मी त्यांच्या कमरेभोवती फिरले तेव्हा त्या कोरड्या बाईंनीही पोट आत ओढलं. "श्वास सोडा," आई म्हणाली. मला फार बरं वाटलं.

आता माझं काम संपल्यात जमा आहे. बाबांनी आईला नवी टेप आणली आहे, गुलाबी. मी खिडकीजवळच्या खिळ्यावर असते. उन्हानं माझे आकडे फिके पडत चालले आहेत. फक्त बाबांनी काळ्या शाईनं लिहिलेलं तेवढं ठळक आहे, 'आधी तीन वजा'.

मित्रांनो, संशय घ्यायला माझी ना नाही. ताज्या रंगाचा घ्या, गोड बोलण्याचा घ्या. पण मोजायला लागण्याआधी आपलं पहिलं टोक जागेवर आहे का, ते एकदा बघा. आणि घरातली जुनी वस्तू जपा, पण तिची खोट मनात ठेवू नका, सगळ्यांना सांगून ठेवा. जुन्या माणसांचंही तसंच.

भिंगरीची बाहुली माझ्या समोरच, टेबलाच्या कोपऱ्यात बसलेली असते. तिच्या कमरेला माझे एक, दोन, तीन. दुपारी आई कापड पसरते तेव्हा आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसतो. तिचे तीन आणि माझे सत्तावन्न. दोघी मिळून आम्ही अजूनही पुऱ्या साठ भरतो.