पिनकोडवरचा अंगठा

चौतीस वर्षं मी पोस्टात टपाल निवडलं. भिवंडी तालुक्यातला कुठलाही पत्ता माझ्यासमोर टाका. नुसतं 'शाळेच्या मागे, दूधवाल्याच्या वर' एवढंच लिहिलेलं असलं तरी मी गाव सांगतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो. घरात आता ऐकायला कोणी नाही.

माझी बायको आसावरी गेल्यावर वर्षभर घरात माझ्याशी फक्त कुकरची शिट्टी बोलली. शेवटी कंटाळून मी दापोड्याच्या एका गोदामात पार्सलं निवडायला लागलो. ढिगाभोवती आठ बायका असायच्या. मी मध्ये उभा राहून पत्ते वाचायचो आणि "पडघा! कोन!" अशा गावांच्या हाका द्यायचो, त्या उचलून गोणीत टाकायच्या. मध्ये मध्ये कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची कोंबडी खुडूक बसलीय, सगळं कळायचं. भांडणंही व्हायची, त्यात मी पुढे असायचो.

मग कॅमेरे आले. ते बसवणारा इंजिनीयर मिहिर इतका सभ्य माणूस, की त्याला शिव्या द्यायचीही सोय नव्हती. बाईने पार्सल कॅमेऱ्याखाली धरायचं, कॅमेरा पिनकोड वाचणार आणि समोर ज्या कप्प्यात ते टाकायचं त्यावर हिरवा दिवा लागणार. चूक नाही, विचारणं नाही, बोलणंही नाही. आठ बायकांच्या तीन झाल्या, त्याही वीस-वीस पावलांवर, एकमेकींकडे पाठ करून. कॅमेऱ्याला पत्ता लागला नाही तर लाल दिवा लागायचा आणि ते पार्सल कोपऱ्यातल्या माझ्या टेबलावर यायचं. मी वाचून हाक मारायचो, "चंद्रा, हे कोनचं!" मग ती येऊन घेऊन जायची.

चंद्रा पडघ्यापलीकडच्या पाड्यावरची, चाळिशी उलटलेली. तिची जागा माझ्या टेबलाला सगळ्यांत जवळ. पार्सल न्यायला आली की एखादं वाक्य टाकून जायची. "काका, आज डबा न्हाय उघडला?" एवढंच. पण मला ते दिवसभर पुरायचं.

सुरुवातीला माझ्याकडे दिवसाला साठ पार्सलं यायची. मग तीस झाली, मग आठ. कॅमेरा शिकत होता. मिहिर म्हणाला, "पाचच्या खाली आली की टेबल काढून टाकू, काका. तुम्हालाही दगदग नको." माझ्या दगदगीची काळजी सगळ्यांना एकदमच वाटायला लागली होती. ते टेबल गेलं तर मला जगात कुठेही कुणाला हाक मारायची जागा उरणार नाही, हे त्याला सांगायची मला लाज वाटली.

आणि एका सोमवारी पार्सलं वाढली. आधी पंधरा, मग पंचवीस. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मोडली म्हटलं खोड कॅमेऱ्याची! पण गुरुवारी नीट बघितलं तर प्रत्येक लेबल छापील आणि कोरं करकरीत. पिनकोड आंधळ्यालाही दिसावा असा. मग मी चंद्रावर नजर ठेवली. तिने पार्सल कॅमेऱ्याखाली धरलं आणि उजवा अंगठा बरोबर पिनकोडवर ठेवला. लाल दिवा लागला. तिने शांतपणे पार्सल माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

मला राग आला. नाकावर माशी बसू न देणारा माणूस मी, आणि ही बाई मला पार्सलांची भीक घालते! म्हातारा उघड्यावर पडेल म्हणून!

त्याच संध्याकाळी मिहिर म्हणाला, "एवढी का अडतायत, उद्या रेकॉर्डिंग बघतो." रेकॉर्डिंगमध्ये अंगठा दिसला असता आणि तिची नोकरी गेली असती. मी लगेच म्हणालो, "रेकॉर्डिंग कशाला? गाडी गळत होती, लेबलं ओली आली. आणि टेबल काढच तू, मला आता उभं राहवत नाही." एका दगडात दोन पक्षी. ती वाचली आणि माझा मानही राहिला. घरी जाताना मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. तिला आधी एका शब्दाने विचारावं, असं काही मला सुचलं नाही.

शनिवारी हमालांनी टेबल उचललं. मी निरोप घ्यायला चंद्राकडे गेलो आणि मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "माझ्यासाठी एवढं करायला नको होतंस. मला कुणाची दया नको."

तिने हातातलं पार्सल खाली ठेवलं.

"तुमची दया कोनाला आली, काका?" ती म्हणाली. "पोरगी नांदायला गेली. मालक सहा महिने वीटभट्टीवर. घरात कोन न्हाय. हितं दिवा लागतो, मी टाकते. सकाळपासून सांजपर्यंत माझ्या नावानं एक हाक न्हाय. तुमच्याकडं पार्सल गेलं का तुमी चंद्रा म्हणायचा. तेवढ्यासाठी ठेवत होते अंगठा."

"अगं, मग सांगायचंस तरी!"

"तुमी तरी कवा सांगितलं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तडक मिहिरकडे गेलो आणि उभ्या जन्मात कुणाची केली नव्हती ती विनवणी केली. टेबल राहू दे, पगार नको, पण टेबल राहू दे. तो बिचारा ओशाळला. "काका, तुम्हीच म्हणालात उभं राहवत नाही. मी वर कळवूनही टाकलं. आता अडलेल्या पार्सलांचे फोटो ऑफिसात जातात, तिथून पिनकोड भरतात."

मी निघालो तेव्हा चंद्रा पाठमोरी काम करत होती. तोंडाशी आलेली हाक मी गिळली. म्हटलं, तिचं काम अडेल. दोन मिनिटं अडलं असतं तर काय बिघडणार होतं, हे मला दापोड्याच्या नाक्यावर बस सुटल्यानंतर कळलं.