थंड चुलीवरची धार

आमच्या गाळपघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पणजोबांचा तांब्याचा हंडा, खाली चूल थंडगार, आणि तरी नळीच्या टोकातून दारू थेंब थेंब गळत होती. लोकांचे हात आपोआप जोडले जात होते.

"विस्तव नको, फळं नकोत," दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सांगत होता. "पणजोबांना लेकरांची आठवण आली की हंडा आपण होऊन पाझरतो. दोन थेंब जिभेवर, की दुखणं पळालंच समजा."

पणजोबांना आठवण नेमकी सुट्टीच्या दिवशी, गिऱ्हाईक जमल्यावरच कशी यायची, हे त्यांनाच ठाऊक. खरं तर आमची दारू सुरू केली पणजीनं. झाडाखाली पडलेली, डागाळलेली आलुबुखारं बाजारात कुणी घेईना, म्हणून तिनं ती आंबवली आणि चुलीशी बसून गाळली. पणजोबा फक्त प्यायचे. पण आपल्याकडे पिणाऱ्याचा फोटो भिंतीवर लागतो, राबणारीचं नावही उरत नाही.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण आईनं हृदयाच्या गोळ्या बंद केल्याचं मला त्याच सकाळी कळलं. जिना चढताना तिला धाप लागत होती. गोळ्या आणि थेंब एकत्र चालत नाहीत, असं दादानं तिला सांगितलं होतं.

मी रांगेत शिरले. गाळपघरात चव घेण्याचं काम माझं, आणि ते मला शिकवलं दादानंच. थेंब जिभेवर ठेवला. मऊ, गोडसर, छान मुरलेला.

"दादा, हंडा आत्ताच पाझरायला लागला ना?"

"सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

"मग पहिली धार कुठे गेली?"

मी लोकांना समजावून सांगितलं. पहिल्या धारेचं लोक कौतुक करतात, पण ती उग्र असते, नेलपॉलिशसारखा वास मारते, घातक असते. आम्ही ती टाकून देतो. हंडा खरंच आत्ता पाझरला असता तर हा थेंब तसाच उग्र लागला असता; हा तर बरणीत वर्षानुवर्षं मुरलेल्या दारूचा होता. दादा जन्मभर पहिली धार फेकत आला, त्यामुळे सोंग रचतानाही ती त्याच्या ध्यानात आली नाही.

मी हंड्याचं झाकण उचललं. आत ठणठणीत कोरडं. नळीच्या वरच्या तोंडात दारूत भिजवलेला स्पंज कोंबलेला. नळी उतरती, थेंब ओघळणारच. स्पंज सगळ्यांसमोर पिळला.

धंदा बसला होता, दादा पुटपुटला. लोकांना नुसती चव पुरत नाही, गोष्ट लागते.

"आणि आईच्या गोळ्या?" मी विचारलं. संतापानं मी स्पंज त्याच्या पायाशी भिरकावला.

बाजूला बसलेली आई मात्र शांत होती. "दुसऱ्या कुणी दिलं असतं तर दहा प्रश्न विचारले असते रे," ती म्हणाली. "तू दिलंस म्हणून तोंड उघडलं."

परक्या बुवाला आपण निदान एकदा तरी पारखून घेतो. आपल्या माणसालाही पारखा. चूल थंड असेल तर धार आली कुठून, हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

आईनं गोळी हातात घेतली. दादानं पाण्याचा पेला पुढे केला. तो घेण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं.