मला तेल घालू नका

मित्रांनो, मी कप्पी. एक पितळी चाक, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि मधून गेलेला जाड खिळा, एवढाच माझा संसार. माझ्यावरून दोरी ओढली की ओझं वर जातं. एके काळी माझी कुरकुर नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू जायची आणि लोक म्हणायचे, "उठली बघा म्हातारी!" आता मी गप्प आहे. का गप्प आहे ते सांगते, पण मधेच थांबवू नका. मधे कुणी तोंड घातलं की माझं डोकं सटकतं.

माझा जन्म नदीकाठच्या एका ओतशाळेत झाला. ओतारी मोठा तिरसट माणूस. त्याने मला तीनदा मोडून पुन्हा ओतलं. चौथ्यांदा चाक बोटाने फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "हं. चालेल ही." त्यानंतर माझं एवढं कौतुक कुणी केलं नाही.

पुढची कितीतरी वर्षं मी धक्क्यावर होते. होड्यांमधली पोती उचलून वर घ्यायची, हे माझं काम. हमाल दोन्ही काठांचे असत. घाम सारखा, शिव्याही सारख्याच. दर आठवड्याला कुणीतरी माझ्या खिळ्यात तेल सोडायचं आणि मी दिवसभर गरागरा फिरायचे. ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो.

मग नदीच्या मधोमध सरहद्द आली आणि दोन काठांचे दोन देश झाले. पलीकडे जाणाऱ्या होड्या बंद झाल्या. आमच्या काठाने ध्वज केला, निळ्या कापडावर पांढरा करकोचा. त्या काठानेही तोच केला. नदीवर पक्षी तेवढाच, दुसरा आणायचा कुठून? भांडण जुंपलं. शेवटी आमचा करकोचा उजवीकडे बघणारा ठरला, त्यांचा डावीकडे. वारा फिरला आणि ध्वज मागून पाहिला की आमचाच पक्षी त्यांच्यासारखा दिसतो, हे मला वरून रोज दिसायचं. पण मी कशाला बोलते? नुसतं चित्र काढून घेणाऱ्याचं काय झालं ते मी बघितलं होतं.

एका होडीवाल्याने हौसेने होडीच्या नाकावर करकोचा काढून घेतला. होडी पुढे जाते, मग पक्षीही पुढेच बघणार, म्हणून रंगाऱ्याने दोन्ही अंगांना पुढे बघणारा पक्षी काढला. झालं! एका अंगाने तो आमचा आणि दुसऱ्या अंगाने त्यांचा. आधी त्या काठाच्या लोकांनी दगड मारून त्याची वल्ही मोडली. तो जीव मुठीत धरून आमच्याकडे आला, तर आमच्यांनी त्याला धक्क्यावर पाडून लाथांनी तुडवला. त्याचा एक डोळा गेला. होडी तिथेच पेटवून दिली. ज्या धक्क्यावर मी त्याची पोती उचलली होती, त्याच धक्क्यावर हे सगळं झालं.

तोवर मला धक्क्यावरून काढून ध्वजाच्या खांबाच्या टोकाला बसवलं होतं. ध्वज चढवायचं काम एका उंच, काटकुळ्या माणसाकडे होतं. सगळे त्याला शिडी म्हणायचे. त्याची बायको आपोआपच शिडीवहिनी झाली. वाऱ्याने ध्वजाची कड उसवली की ती घरी नेऊन शिवायची. शिडी मला तेल घालायला खांबावर चढायचा आणि माझ्याशी गप्पा मारायचा. "काय म्हातारे, सांधे दुखतायत का?" असं विचारायचा. मला त्याचा लळा लागला होता, हे कबूल करायला मला लाज नाही.

समोरच्या काठावरही असाच एक माणूस होता, टोपीवाला. संध्याकाळी ध्वज आधी कुणी उतरवायचा यावरून दोन्हीकडे एकच हुकूम होता: त्यांचा उतरल्याशिवाय आपला उतरवायचा नाही. असं असेल तर दोन्ही ध्वज जन्मभर वरच राहायचे! या दोघांनी त्यातून वाट काढली. टोपीवाला टोपी काढून डोकं खाजवायचा, इकडे शिडी नाक शिंकरायचा आणि दोघे एका दमात दोरी सोडायचे. आयुष्यात ते एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

पुढे कुणीतरी मोजून काढलं की त्यांचा खांब आमच्यापेक्षा दोन हात उंच आहे. मग आमचा साठ फुटांचा झाला. त्यांनी ऐंशीचा केला. आम्ही शंभराचा उभारला. नवा खांब, नवी जाड दोरी, नवा चबुतरा. कप्पी तेवढी जुनीच. "वर कोण बघायला जातंय?" असं ध्वजखात्याचे साहेब म्हणाले. वर आणखी एक नियम आला. ध्वजापेक्षा उंच कुणी चढायचं नाही, तो ध्वजाचा अपमान. म्हणजे परवानगीशिवाय शिडीला माझ्यापर्यंत येता येईना. त्याने परवानगीसाठी अर्ज केला. एक, मग दुसरा, मग तिसरा.

"साहेब, कप्पी कोरडी पडली आहे. आवाज ऐकवत नाही."

"अरे, कप्पी आहे ती, कुरकुरणारच. बघू पुढच्या महिन्यात."

सरहद्दीवर शिपाई डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते. माझ्या खिळ्यात मात्र थेंब नव्हता. नदीची वाळू वाऱ्याने येऊन माझ्यात बसत होती. मी ओरडून ओरडून थकले, मित्रांनो. खाली लोक म्हणत, म्हातारी आज जास्तच चिडली आहे.

आणि तो दिवस आला. पहाटे बातमी आली की त्या देशाचे म्हातारे अध्यक्ष वारले. त्यांचा ध्वज अर्ध्यावर आला. आमच्याकडे वरून हुकूम सुटला: आज आपला ध्वज वाजतगाजत, अगदी टोकापर्यंत चढला पाहिजे. आठ वाजता चबुतऱ्याभोवती हीऽऽ गर्दी. सगळ्यांत पुढे पाववाला. चौकातली भट्टी त्याचीच. शिडीचा तो जुना दोस्त. शिडीच्या घरी त्याचं रोजचं जाणं-येणं. शिडीवहिनीला तो वहिनी म्हणायचा, ती त्याला भावजी.

बँड सुरू झाला. शिडीने दोरी ओढली. मी जीव एकवटून फिरले. दहा फूट, वीस फूट. खिळ्यातली वाळू करकरत होती. पन्नास फुटांवर माझं चाक खिळ्याला गच्च धरून बसलं. दोरी चाकावरून उडाली आणि बाजूच्या पट्टीत जाऊन रुतली. ध्वज बरोबर अर्ध्यावर थांबला, अगदी समोरच्या ध्वजासारखा.

बँड बंद पडला. शिडी दोरीला लोंबकळला, तरी ध्वज हलेना.

"काय रे," पाववाला ओरडला, "त्यांचा म्हातारा गेला म्हणून सुतक पाळतोस काय?"

"कप्पी अडकली आहे!" शिडी म्हणाला. "खरंच सांगतो, कप्पी अडकली आहे!"

"आजच बरी अडकली! बघा रे, हा त्यांचा माणूस आहे!"

पहिला दगड कुणी मारला ते मला शंभर फुटांवरूनही दिसलं. पाववाल्याने मारला. तो शिडीच्या कानावर बसला. मग सगळेच तुटून पडले. बँडवाल्याने ढोलाच्या काठीने मारलं. कुणी त्याचा हात चबुतऱ्यावर ठेवून वर बूट आपटला. दोन बोटं मोडलेली मी पाहिली. तो एकच वाक्य म्हणत होता, कप्पी अडकली आहे. शिडीवहिनी गर्दीत घुसली आणि त्याच्या अंगावर पडली, तर तिचे केस धरून तिला बाजूला फेकलं.

ती तशीच उठून साहेबांसमोर गेली. "साहेब, तुम्ही सांगा ना! यांनी तीन अर्ज दिले होते."

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी रुमालाने मान पुसली. "माझ्याकडे अशी काही तक्रार आल्याचं मला आठवत नाही," ते म्हणाले.

मित्रांनो, मला तोंड असतं तर! पण कप्पीला तोंड नसतं. फिरले तरच मला आवाज, आणि मी तर अडकून बसले होते.

त्याच वेळी समोरच्या काठावर काय चाललं होतं, ते फक्त मला दिसत होतं. आमचा ध्वज अर्ध्यावर थांबलेला पाहून तिकडची माणसं आधी चक्रावली. मग त्यांना वाटलं, हे आपल्या दुःखात सामील झाले. एकेकाने टोप्या काढल्या. एक बाई हात जोडून रडत होती. टोपीवाला आमच्या दिशेने ताठ उभा राहिला आणि त्याने कडक सलाम ठोकला. इकडे शिडीच्या तोंडातून रक्त येत होतं आणि तिकडे त्याला सलाम मिळत होता.

शेवटी साहेब घाबरले. "आधी ध्वज वर न्या! कुणीही चढा, परवानगी देतो!" पण त्या खांबावर चढणारा दुसरा होता कोण? मोडक्या बोटांनी शिडीच लोखंडी पायऱ्या धरून वर निघाला. पन्नास फुटांवर थांबून त्याने ध्वजाची गुंडाळलेली कड नीट केली. मग माझ्यापर्यंत आला. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता.

"काय गं म्हातारे," तो हळूच म्हणाला, "आजच रुसायचं होतं?"

त्याने पट्टीत रुतलेली दोरी दातांनी धरून ओढून काढली. तिचे चार धागे तुटून माझ्यातच राहिले. माझं चाक फिरवायचा त्याने प्रयत्न केला. मी हलले नाही. मला हलताच आलं नाही. तेव्हा त्याने एक हात खांबाभोवती टाकला आणि दुसऱ्या हाताने ध्वज ओढायला सुरुवात केली. वीतभर ओढायचा, दोरी दातांत धरायची, पुन्हा ओढायची. ध्वज वर येऊ लागला. खाली जयघोष सुरू झाला. दगड मारणारेच टाळ्या पिटत होते.

समोरच्या काठाला मात्र वाटलं, यांनी आधी शोक दाखवला आणि आता मुद्दाम तोंडावर थुंकले. टोपीवाला दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होता. त्याच्या मागच्या शिपायाने बंदूक उचलली.

पहिली गोळी खांबाला लागली. दुसरी शिडीला. दोरी त्याच्या दातांतच होती, म्हणून तो क्षणभर लटकला. मग पडला. शंभर फूट. शिडीवहिनी खालीच उभी होती.

आमच्या शिपायांनी उलट गोळीबार केला आणि अकरा दिवस दोन्ही काठ एकमेकांना भाजत राहिले. धक्का गेला. शाळा गेली. तिसऱ्या दिवशी तोफेच्या गोळ्याने समोरचा खांब कोसळला, त्याखाली टोपीवाला चिरडला. नवव्या दिवशी आमचा खांब पडला आणि मी विटांच्या ढिगात गाडली गेले. करकोचे तर पहिल्याच दिवशी उडून गेले होते. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नव्हती.

युद्ध थांबल्यावर त्याच चौकात समारंभ झाला. साहेब म्हणाले, शिडीने ध्वजासाठी हसत हसत प्राण दिले. सगळ्यांत मोठ्याने "अमर रहे" ओरडला तो पाववाला. शिडीवहिनीला घडी घातलेला ध्वज दिला. त्याची कड तिनेच शिवलेली होती. तिने तो घेतला आणि विचारलं, "कप्पी कुठे आहे?"

लोकांना वाटलं, दुःखाने बिचारीचं डोकं फिरलं. ती चार दिवस एकटी विटा उपसत होती. मी सापडले तेव्हा तिने मला पदराने पुसलं आणि थेट पाववाल्याच्या दुकानात नेऊन फळीवर ठेवलं.

"भावजी, जरा फिरवून बघा."

त्याने हसत चाकाला हात लावला. मग दोन्ही हात लावले. चेहरा लाल झाला, तरी मी हलले नाही. पट्टीत दोरीचे धागे अजून तसेच होते, वर वाळलेलं रक्त.

"ढिगाऱ्यात पडून गंजली असेल, वहिनी," तो म्हणाला.

 ती एक पाव घेऊन, मला उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, तेच. "भावजी, जरा फिरवून बघा." आधी तो हसायचा, मग चिडायला लागला, मग तिची चाहूल लागली की पाठ फिरवून भट्टीत लाकडं सारायला लागला.

एके दिवशी त्याने फळीखालून तेलाची बुधली काढली. डोळे भरून आले होते त्याचे. "वहिनी, दोन थेंब सोडतो हिच्यात. फिरेल बघा. हा छळ संपवा आता."

खरं सांगते मित्रांनो, तेलाचा तो वास आल्यावर मी आतून तळमळले. किती वर्षांनी येत होता तो! पण शिडीवहिनीने त्याचं मनगट धरलं.

"नाही. आज फिरली की उद्या तुम्ही म्हणाल, तेव्हाही फिरत होती."

पाववाल्याने बुधली खाली ठेवली.  मग अगदी हळू म्हणाला, "अडकली होती, वहिनी."

"मोठ्याने बोला, भावजी. त्या दिवशी मोठ्याने बोलला होतात."

दुकान भरलेलं होतं. बँडवाला पावासाठी रांगेत होता. पाववाल्याने फळीला दोन्ही हातांनी धरलं आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "कप्पी अडकली होती! तो खरं बोलत होता! पहिला दगड मी मारला!"

त्या दिवशी शिडीवहिनी मला न घेताच घरी गेली.

तेव्हापासून मी त्या फळीवर आहे. मित्रांनो, तुमच्याकडे विहिरीवर, गोदामात, जिथे कुठे कप्पी असेल, तिला वेळच्या वेळी तेल घाला. कुरकुरते म्हणून हसू नका, का कुरकुरते ते बघा. आणि कुणी ओरडून सांगत असेल की अडकलं आहे, तर हातात दगड घेण्याआधी वर जाऊन बघा. पण कधी या दुकानात आलात आणि मी दिसले, तर दया येऊन मला तेल घालू नका. माझा एक माणूस खरं बोलत होता, आणि त्याची साक्ष द्यायला मला दुसरं काही येत नाही. तुम्ही फक्त हात लावा आणि एकदा फिरवून बघा.