सरपंचांची रक्ततपासणी

माझे वडील, आबा, गेल्यापासून त्यांचा कुत्रा भाकरीला तोंड लावत नव्हता. गोचिडांमुळे होणारा लाइम नावाचा आजार झाला असेल, या भीतीने मी त्याला आबांच्या ओळखीच्या केडगावच्या गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त काढायला तो पायच देईना, वर दात दाखवून गुरगुरला. कंपाउंडर टेबलाखाली लपला.

"ताई, आबा पाय मागताना काय म्हणायचे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी ओशाळले. "सरपंच, सही करा."

कुत्र्यानं लगेच डॉक्टरांच्या हातात पाय ठेवला.

दहा मिनिटांत कळलं, लाइम नव्हता.

"मग जेवत का नाही?"

"वाढताना काय म्हणता?"

"खा रे, म्हणते."

टेबलाखालून कंपाउंडर म्हणाला, "सरपंचाला अरेतुरे? कसं जेवत्याल ते!"

घरी भाकरी कुस्करली. "सरपंच, जेवून घ्या."

सरपंच जेवले. मग मीही ताट घेतलं.